सुरतेच्या डॉ. रखमाबाई

अभ्यास, रात्रपाळी आणि घरच्यांच्या अपेक्षा यांनी खचलेले मेडिकलचे विद्यार्थी बघितले की मला डॉ. रखमाबाई राऊत आठवतात. जन्म १८६४, मुंबईचा. अकराव्या वर्षी लग्न झालं. पुढे नांदायला नकार दिला म्हणून नवरा कोर्टात गेला. खटला चालू असतानाच, १८८५ मध्ये, पाठीशी असलेले सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन वारले. १८८७ मध्ये कोर्टाने नांदायला जा, नाहीतर तुरुंगात जा असं सुनावलं. बाई तुरुंगाला तयार झाल्या! शेवटी १८८८ मध्ये तडजोड झाली.

एवढं सोसून १८८९ मध्ये त्या लंडनला डॉक्टरी शिकायला गेल्या, पण एकट्याच्या बळावर नाही. कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची यांनी उमेद दिली, पैसे उभे करायला मदत केली. लंडनमध्ये मॅक्लॅरेन दांपत्य पाठीशी होतं. १८९५ मध्ये त्या आपल्या सुरतेत बायकांच्या दवाखान्यात रुजू झाल्या. प्लेगमध्येही त्यांनी काम सोडलं नाही. वीसेक वर्षं त्या इथंच राबल्या. १९५५ मध्ये त्यांचं निधन झालं.

मित्रमैत्रिणींनो, इतकी खंबीर बाईसुद्धा आधार घ्यायला लाजली नाही. मग मन थकलं तर आपण का गप्प बसायचं? जवळच्या माणसाशी, सरांशी, बाईंशी, समुपदेशकाशी बोला.