सर सोराबजी पोचखानवाला

आपल्या ज्ञातीतील कितीतरी कुटुंबांचा चरितार्थ बँकांतील नोकरीवर चालला आहे. अशा वाचकांस एका कारकुनाने बँक कशी उभारली, हे वृत्त खचित रुचेल.

सोराबजी नसरवानजी पोचखानवाला यांचा जन्म १८८१ साली मुंबईस एका पारशी कुटुंबात झाला. चार्टर्ड बँकेत नोकरी करीत असतानाच त्यांनी लंडनच्या बँकर्स इन्स्टिट्यूटची परीक्षा दिली व ती उत्तीर्ण झालेले ते पहिले हिंदी गृहस्थ मानले जातात. १९०६ साली निघालेल्या बँक ऑफ इंडियात ते हिशेबनीस म्हणून आले. परंतु त्या काळी बँकांतील वरच्या जागा युरोपियनांसाठीच राखलेल्या असत. तेथे आयुष्य कंठण्यापेक्षा हिंदी लोकांच्या मालकीची व हिंदी लोकांनीच चालविलेली बँक काढावी, हा विचार त्यांच्या मनात बळावला. २१ डिसेंबर १९११ रोजी सेंट्रल बँक ऑफ इंडिया स्थापन झाली. सर फिरोजशहा मेहता अध्यक्ष झाले. कारभार मात्र तिशीतल्या सोराबजींच्या हाती आला.

दोन वर्षे होतात न होतात तोच कसोटीचा प्रसंग आला. १९१३ साली लाहोरची पीपल्स बँक बुडाली आणि नोव्हेंबरात मुंबईची इंडियन स्पेसी बँक कोसळली. या दोन घटना शेजारी ठेवून पाहण्याजोग्या आहेत. स्पेसी बँकेचे चालक चुनीलाल सरैया हेही कर्तबगार व धाडसी पुरुष होते; पण ते धाडस चांदीच्या सट्ट्याकडे वळले, आणि एका माणसाच्या अंदाजावर असंख्य ठेवीदारांची पुंजी टांगली गेली. घबराट पसरताच लोक सर्वच देशी बँकांकडे संशयाने पाहू लागले. सेंट्रल बँक मात्र त्या वावटळीत टिकून राहिली. सोराबजी सट्टेबाज नव्हते. बँकेतील पैसा परक्याचा, तो मागताक्षणी देता आला पाहिजे, हे हिशेबनिसाचे शहाणपण त्यांच्या अंगी मुरलेले होते.

मात्र हा सावध मनुष्य भित्रा नव्हता. १९२१ साली त्यांच्या बँकेने घरगुती बचतीची योजना काढली. १९२३ मध्ये टाटा इंडस्ट्रियल बँक तिच्यात विलीन झाली. १९२४ साली स्त्रियांसाठी स्वतंत्र खाते उघडले. ज्या काळी गृहिणीची शिल्लक फडताळातील डब्यात राही, त्या काळची ही गोष्ट आहे! १९२६ साली दागदागिन्यांसाठी सेफ डिपॉझिट तिजोऱ्या व प्रवाशांसाठी रुपयांतील धनादेश आले. मोठ्या व्यापाऱ्याइतकाच लहान ठेवीदारही बँकेचा आधार आहे, ही त्यांची दृष्टी या साऱ्यात दिसते. आमच्या मते त्यांचे खरे मोठेपण येथेच आहे. १९३४ साली मिळालेला 'सर' हा किताब त्यापुढे गौण होय.

त्याच वर्षी सिलोन सरकारने आपल्या बँकिंग चौकशी मंडळाचे अध्यक्षपद त्यांस दिले. १९३६ साली लंडनमध्ये सेंट्रल एक्स्चेंज बँक काढून त्यांनी परदेशी हुंडीच्या व्यवहारात पाऊल टाकले. ४ जुलै १९३७ रोजी ते निवर्तले. पुढल्याच वर्षी लंडनची ती बँक बार्कलेज बँकेकडे गेली. एका व्यक्तीच्या उमेदीवर उभ्या राहिलेल्या कार्याची ही उणी बाजूही सांगितली पाहिजे. मुंबईची संस्था मात्र तिच्या शाखांसह वाढत राहिली आणि १९६९ साली राष्ट्राच्या मालकीची झाली. सिलोनातही मंडळाच्या शिफारशीस अनुसरून १९३९ साली बँक ऑफ सिलोन उघडली. ते पाहण्यास सोराबजी हयात नव्हते.