सादी कार्नो : ११८ पानांचं आयुष्य

बिदरच्या माणसाला सादी हे नाव परकं वाटत नाही. महमूद गवानचा मदरसा आपल्याकडे १४७२ पासून उभा आहे, आणि फारसी शब्द आपल्या बोलण्यात अजून आहेत. पण हा सादी फ्रान्सचा. १ जून १७९६ ला पॅरिसमध्ये जन्मला. वडील लझार कार्नो गणिती, इंजिनियर आणि फ्रेंच क्रांतीतले मोठे पुढारी. शिराझचा कवी सादी त्यांना आवडायचा, म्हणून मुलाला त्याचं नाव दिलं.

सोळाव्या वर्षी, १८१२ मध्ये सादी पॅरिसच्या एकोल पॉलिटेक्निकमध्ये दाखल झाला. १८१४ मध्ये शहरावर शत्रू चालून आला तेव्हा इतर विद्यार्थ्यांबरोबर तोही लढला. पुढच्या वर्षी नेपोलियन पडला आणि वडिलांना देश सोडावा लागला. काल ज्या आडनावाला सलाम मिळायचा, तेच आता सैन्यातल्या मुलाला जड झालं. शेवटी अर्ध्या पगारावर रजा घेऊन तो पॅरिसमध्ये अभ्यासाला बसला.

तेव्हा इंग्लंडची वाफेची इंजिनं फ्रान्सच्या फार पुढे होती. ती सुधारण्याच्या मागे सगळेच होते. सादीने वेगळंच विचारलं : उष्णतेतून जास्तीत जास्त किती काम काढता येईल? त्याला काही मर्यादा आहे का? त्याचं उत्तर १८२४ मध्ये ११८ पानांच्या पुस्तकात आलं. लेखकाचं वय फक्त अठ्ठावीस.

आजच्या भाषेत सांगायचं तर, सिलिंडरमध्ये आदर्श वायू आणि वर दट्ट्या आहे असं समजा. पहिल्या पायरीत वायू गरम वस्तूला टेकून हळूहळू फुगतो. तापमान बदलत नाही, म्हणून जेवढी उष्णता घेतो तेवढंच काम करतो. मग गरम वस्तू काढून घेतली. वायू अजून फुगतो, पण आता काम स्वतःच्या ऊर्जेतून करतो, म्हणून थंड होतो. तिसऱ्या पायरीत त्याला थंड वस्तूजवळ दाबायचं. तेव्हा तो उष्णता सोडतो. चौथ्या पायरीत उष्णतेची ये-जा बंद ठेवून दाबायचं, की तो पुन्हा तापतो. सायकलचा पंप मारताना गरम होतो, त्यातही हेच घडतं. मात्र सादीच्या पायऱ्या इतक्या सावकाश की कुठूनही उलट फिरता येतं. घाईत आणि घर्षणात जे वाया जातं, ते इथे जात नाही.

आणि तरीही तिसऱ्या पायरीत थोडी उष्णता सोडावीच लागते! गरम बाजू ६०० केल्विन आणि थंड बाजू ३०० असेल, तर उष्णतेच्या निम्मंच काम मिळतं. कलबुर्गीच्या मे महिन्यात बाहेर ४२ अंश, म्हणजे ३१५ केल्विन असतील, तर तेच साडेसत्तेचाळीस टक्क्यांवर येतं. वाडी जंक्शनवरून कधीकाळी धावलेलं वाफेचं एकही इंजिन या नियमातून सुटलं नाही.

सादीची एक चूक होती. उष्णता हा नष्ट न होणारा द्रव आहे, पाण्यासारखी ती वरून खाली पडते आणि तेवढीच उरते, असं पुस्तकात त्याने धरलं होतं. पण पुस्तक कुणी फारसं वाचलंच नाही. २४ ऑगस्ट १८३२ ला, छत्तिसाव्या वर्षी, कॉलऱ्याने त्याला नेलं. साथीच्या भीतीने त्याचं बरंचसं सामान आणि कागदपत्रं नष्ट केली गेली.

दोन वर्षांनी क्लापेरॉन या इंजिनियरने त्या पुस्तकावर लेख लिहिला. तो वाचून तरुण केल्विन १८४५ मध्ये पॅरिसच्या दुकानांतून मूळ पुस्तक शोधत फिरला, मिळालं नाही. पुढे केल्विन आणि क्लॉसियस यांनी त्याच विचारावर उष्णतेचं नवं शास्त्र उभं केलं. १८७८ मध्ये भाऊ इपोलीतने वाचलेली टिपणं छापली, तेव्हा कळलं की सादीने आपली चूक स्वतःच ओळखली होती. उष्णता खर्च होऊन काम होतं, हे त्याने लिहून ठेवलं होतं. पण तोवर तेच इतरांनी स्वतंत्रपणे शोधलं होतं.

मी साहित्याची विद्यार्थिनी. गणितातलं मला फार कळत नाही. पण आपल्या मंडळात कुणी वही पुढे करतं आणि आपण नंतर वाचतो म्हणून ती बाजूला ठेवतो, तेव्हा मला क्लापेरॉन आठवतो. त्याने फक्त एक पुस्तक नीट वाचलं होतं.