चित्रकार खुर्चीत, कॅनव्हास रुळांवर

साशा गित्री या फ्रेंच नाटककाराने १९१५ साली आपल्या देशातल्या काही नामवंत कलावंतांचे, ते कामात असताना, चित्रीकरण करून ठेवले. पहिले महायुद्ध तेव्हा ऐन भरात होते. त्या मूकपटात काही मिनिटांपुरता एक चौऱ्याहत्तर वर्षांचा म्हातारा दिसतो. गालांची हाडे वर आलेली, पांढरी दाढी, ओठांत सिगारेट. खुर्चीत बसलेला देह इतका वाळलेला की अंगावरचे कपडेच काय ते बसले आहेत असे वाटावे. दोन्ही हातांना कापडाच्या पट्ट्या गुंडाळलेल्या आणि बोटे आत वळून तळव्याला टेकलेली. शेजारी उभा असलेला धाकटा मुलगा त्याला मदत करतो आहे. एकदा ब्रश हातात आला की मात्र तो हात असा काही झपाझप चालू लागतो की पाहणाऱ्याने थक्क व्हावे. हा म्हातारा म्हणजे प्येर-ऑग्युस्त रेन्वार. नाचगाणी, नौकाविहार, गोबऱ्या गालांची मुले आणि उन्हात न्हालेल्या स्त्रिया रंगवणारा, जगातल्या सर्वांत आनंदी चित्रांचा धनी.

चित्रकलेतले मला फारसे कळत नाही. मी बत्तीस वर्षे बँकेत काढली. त्यातली पहिली तेरा-चौदा वर्षे जाडजूड लेजरांवर मान खाली घालून गेली. घरी आल्यावर रात्री कादंबऱ्या लिहिल्या, त्याही मान खाली घालूनच. त्याचा हिशेब पन्नाशीनंतर मणक्यांनी मांडला. मानेपासून दोन्ही खांद्यांच्या पात्यांमध्ये उतरणारी ती ठसठस आता माझ्या घरचीच झाली आहे. आपल्याकडे तिला सरसकट स्पॉन्डिलायटिस म्हणतात. डॉक्टरांच्या भाषेत ती मानेच्या सांध्यांची झीज, संधिवाताचाच एक प्रकार. अशा दुखण्याचा माणूस दुसऱ्या दुखणाइताकडे जरा निराळ्या नजरेने पाहतो. त्या मूकपटाबद्दल वाचले, मग तो पाहिला, तेव्हा माझे लक्ष चित्राकडे गेलेच नाही. हा माणूस बसला कसा आहे, मान किती झुकली आहे, हात कुठपर्यंत पोचतो आहे, हेच मी पाहत राहिलो.

माझे दुखणे आणि त्याचे दुखणे एक नव्हे, हे आधीच सांगायला हवे. रेन्वारला जडला होता तो ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, ज्याला आपण आमवात म्हणतो. झिजेच्या दुखण्यात सांधा वापराने, वयाने खराब होतो. आमवातात शरीराची संरक्षण करणारी यंत्रणाच आपल्या सांध्यांवर उलटते. सांधे सुजतात, कूर्चा आणि हाडे पोखरली जातात, स्नायूबंध तुटतात. बोटे, मनगटे, खांदे, पावले हे त्याचे नेहमीचे बळी. मानेचे वरचे मणकेही त्यातून सुटतातच असे नाही. स्त्रियांमध्ये हा आजार पुरुषांच्या दोन ते तीन पट आढळतो.

रेन्वारचा जन्म २५ फेब्रुवारी १८४१ चा, लिमोज गावचा. वडील शिंपी, आई शिवणकाम करणारी. तो लहान असतानाच कुटुंब पॅरिसला आले. तेराव्या वर्षी पोर चिनी मातीच्या भांड्यांवर फुले रंगवणाऱ्या कारखान्यात उमेदवारीला लागले. पुढे तो धंदा यंत्रांनी गिळला, तेव्हा त्याने पंखे रंगवले, पडदे रंगवले. सांगायचे एवढेच की हात हे त्याचे भांडवल होते, आणि ते त्याने अगदी लहानपणापासून कामाला लावले होते. १८६२ मध्ये तो ग्लेअर यांच्या चित्रशाळेत दाखल झाला. तिथे मोने, सिस्ले, बाझील हे सोबती भेटले. १८७४ मध्ये या मंडळींनी पहिले प्रदर्शन भरवले आणि टीकाकारांनी त्यांची यथेच्छ टिंगल केली. आज जगभर गाजणारे मूलँ द ला गालेतच्या नाचाचे चित्र १८७६ चे. १८९० मध्ये त्याने एसॉय गावच्या आलीनशी लग्न केले. प्येर, ज्याँ आणि क्लोद ही त्यांची तीन मुले.

नाव झाले, पैसा येऊ लागला, आणि नेमकी तेव्हाच, १८९२ च्या सुमारास, पन्नाशी गाठता गाठता सांधे दुखू लागले. १८९७ मध्ये एसॉयला सायकलवरून पडून उजवा हात मोडला. घरच्यांच्या लेखी दुखण्याने उचल खाल्ली ती तेव्हापासून. मग त्या काळी जे उपाय होते ते सारे झाले. गरम पाण्याच्या झऱ्यांवर जाऊन स्नाने झाली, १८९९ मध्ये एक्स-ले-बॅं इथे, १९०४ मध्ये बुर्बोन-ले-बॅं इथे. रेचके झाली, वेदनाशामके झाली. रोगाला आवर घालील असे औषध त्या काळात अस्तित्वातच नव्हते. कॉर्टिझोनचा आमवातावर पहिला वापर झाला तो १९४८ मध्ये, रेन्वार गेल्यानंतर एकोणतीस वर्षांनी.

या माणसाने मग काय केले? सुरुवातीला त्याने हातांना स्वस्थ बसू दिले नाही. सकाळी चित्राला बसण्यापूर्वी तो लहान चेंडू हवेत उडवून झेलत असे, बोटे मोकळी राहावीत म्हणून. चेंडू झेलता येईनात तेव्हा लाकडाचा छोटा ओंडका उडवून झेलू लागला. बिलियर्ड खेळला, तेही जमेना तेव्हा सोडून दिले. थंडी सोसवेना म्हणून दक्षिणेकडे, समुद्राजवळच्या उबदार काइन गावी जाऊ लागला. तिथे १९०७ मध्ये त्याने ले कोलेत ही जुन्या ऑलिव्हच्या झाडांची जागा विकत घेतली. ती झाडे तुटणार होती, ती वाचावीत हाही हेतू होता. तिथे घर बांधले, बागेत काचेची चित्रशाळा उभारली. आधी एक काठी, मग दोन कुबड्या, आणि १९१० नंतर लवकरच चाकांची खुर्ची. वजन उतरत उतरत ४६ किलोवर आले.

त्याच्या आयुष्यातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रसंग १९१२ च्या आसपासचा आहे. मधला मुलगा ज्याँ याने १९६२ मध्ये वडिलांवर जे पुस्तक लिहिले, त्यात तो आला आहे. हा ज्याँ म्हणजे मोठा चित्रपट दिग्दर्शक. बंगालमध्ये येऊन द रिव्हर हा चित्रपट करणारा, आणि त्या निमित्ताने तरुण सत्यजित राय यांना भेटलेला. तो सांगतो की एका डॉक्टराने रेन्वारला पुन्हा चालते करण्याचा विडा उचलला. काही आठवडे शक्ती वाढवणारा आहार दिला आणि एके दिवशी त्याला खुर्चीतून उठवून उभे केले. घरचे श्वास रोखून पाहत होते. रेन्वारने एक पाऊल टाकले, मग दुसरे, आपल्या चित्राच्या घोडीला वळसा घातला आणि परत खुर्चीपाशी आला. आणि उभ्या उभ्याच त्याने सांगून टाकले की आता चालणे पुरे. चालायला सारी इच्छाशक्ती लागते, मग चित्रासाठी काहीच उरत नाही. तो बसला तो पुन्हा कधी उठला नाही.

मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा वाटले, हा तर पराभव झाला. मग बँकेतला माणूस जागा झाला. खात्यात शिल्लक थोडी आणि समोर धनादेश दोन असतील, तर एक परत पाठवावाच लागतो. दोन्ही वटवण्याचा हट्ट धरणाऱ्याचे खातेच बुडते. रेन्वारने चालण्याचा धनादेश परत केला आणि चित्राचा वटवला. जुनाट दुखण्यात हा निवाडा ज्याचा त्यालाच करावा लागतो. चालणे सोडा असा याचा अर्थ नव्हे. आजचे डॉक्टर तर हालचाल चालू ठेवा असेच सांगतात, आणि ते खरेच आहे. पण उरलेली शक्ती कशासाठी राखायची हे दुखणाइताने ठरवले, तर ते घरच्यांनी ऐकावे, एवढा अर्थ त्यात नक्की आहे.

निवाडा झाल्यावर मग साऱ्या घराने त्याप्रमाणे आपली रचना बदलली. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. रेन्वारच्या मनगटाला ब्रश बांधत असत, असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. तसे नव्हते. आत वळलेल्या बोटांनी तळव्याची नाजूक कातडी फाटू नये म्हणून त्या कापडी पट्ट्या होत्या. ब्रश कुणीतरी बोटांमध्ये ठेवून देई आणि पकड त्याची त्याची असे. पॅलेट मांडीवर राही. उजवा खांदा आखडलेला, हात वर जात नसे. मग मोठी चित्रे काढायची कशी? कॅनव्हास रुळांवर चढवला गेला. तो फिरवून हवा तो भाग हाताच्या टप्प्यात आणता येई. हात चित्रापर्यंत पोचत नव्हता, तर चित्र हातापर्यंत आले. बाहेर निसर्गचित्र काढायचे असेल तर त्याला खुर्चीसकट उचलून ऑलिव्हच्या झाडांखाली नेत.

या साऱ्यामागे माणसे होती. पत्नी आलीन होती. तिची नातलग गाब्रिएल होती, जी १८९४ मध्ये ज्याँच्या जन्माच्या वेळी घरात आली आणि पुढे मुलांची दाई, चित्रांची मॉडेल आणि चित्रकाराचे हात अशी सगळीच कामे करत वीसएक वर्षे राहिली. १९१३ पासून रिशार गिनो हा तरुण कॅटलन शिल्पकार होता. रेन्वारला शिल्पे करायची होती पण मातीत घालायला हात नव्हते. तो खुर्चीतून सूचना देई आणि गिनोचे हात ती माती घडवत. व्हीनस व्हिक्ट्रिक्स हे प्रसिद्ध शिल्प असेच घडले. गिनोला मात्र सहशिल्पकार म्हणून मान्यता मिळायला १९७३ साल उजाडावे लागले, तीही फ्रेंच न्यायालयातून. मदत करणाऱ्या हातांचे नाव सहसा उशिरा येते, कधी येतही नाही.

दैव मात्र त्याच्यावर मेहेरबान नव्हते. युद्धात प्येर आणि ज्याँ ही दोन्ही मोठी मुले जबर जखमी झाली. आलीन स्वतः मधुमेहाने खंगलेली, पण ज्याँला पाहायला ती रुग्णालयात धावली, आणि परत आल्यावर जून १९१५ मध्ये गेली. गित्रीने चित्रीकरण केले ते त्याच वर्षी. त्यानंतरही चार वर्षे रेन्वार रंगवत होता. १९१८-१९ मध्ये त्याने स्नानसुंदरींचे मोठे चित्र पुरे केले. एक मीटर दहा सेंटीमीटर उंच, एक मीटर साठ सेंटीमीटर रुंद. त्याच्या मुलांनी ते पुढे सरकारला दिले आणि आज ते पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे. १९१९ मध्ये त्याला खुर्चीतून लूव्र संग्रहालयात फिरवण्यात आले. ३ डिसेंबर १९१९ रोजी, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, काइनला त्याने देह ठेवला.

अशा चरित्राचा आपल्याकडे एक ठरीव उपयोग केला जातो. बघा, त्याने एवढे सोसले आणि तुम्ही मान दुखते म्हणून कुरकुरता. मला तो उपयोग मुळीच मान्य नाही. रेन्वारपाशी पैसा होता, चाकरमाणसे होती, आणि घरातला पुरुष असल्याने त्याचे काम सर्वांचे काम ठरले होते. माझ्या थोरल्या बहिणीला, ताईला, वीस वर्षे आमवात आहे. तिची बोटे वाकली, मनगटे आखडली, सकाळी तासभर मूठ वळत नाही. तिच्या सोशिकपणाचे कौतुक आमच्या साऱ्या गोतावळ्यात होते. पण तिच्या स्वयंपाकघरातली डब्यांची फळी होती तिथेच होती, डोक्याच्या वर. नळाची चावी तशीच घट्ट, कुकर तोच जड. ती सोसते म्हणून कुणाला काही बदलावेसे वाटले नाही. चार वर्षांपूर्वी तिच्या सुनेने फळी उतरवली, नळाला लांब दांडीची चावी बसवली, पोळ्या लाटायला उंच स्टूल आणले. त्या दिवसापासून ताई पुन्हा स्वतःच्या हातच्या पुरणपोळ्या करू लागली. थोड्या करते, बसून करते, पण करते.

माझेही तसेच. पूर्वी पेढीवरचे दिवाणजी वापरत तसा उतरता लाकडी डेस्क मी सुताराकडून करवून घेतला. कागद नजरेसमोर आला, मान उचलली गेली. अर्ध्या तासाने उठून खांदे फिरवतो, गरम पाण्याची पिशवी घेतो, आणि पूर्वी दिवसाला आठ पाने लिहीत असे तिथे आता दोन लिहितो. दुखणे गेलेले नाही, पण कादंबरी पुढे सरकते आहे. आमवाताच्या रुग्णांना तर आज रेन्वारच्या नशिबी नव्हती ती औषधे आहेत. मेथोट्रेक्सेट आणि त्यापुढची औषधे वेळेवर सुरू झाली तर सांधे वाकण्यापूर्वीच रोगाला आवर घालता येतो. म्हणून सकाळी बोटे आखडत असतील, सांधे सुजत असतील, तर ते वयाचे म्हणून अंगावर काढू नये, डॉक्टरांकडे जावे.

आज रविवार. घरात बहुतेक सगळे असतील. मानेने, पाठीने, हाताने गांजलेले कुणी घरात असेल, तर त्यांना आज एवढेच विचारावे की कोणती वस्तू हाताशी येत नाही. पिठाचा डबा असेल, देवघरातली समई असेल, नाहीतर वाचनाचे पुस्तक ठेवायचा कोनाडा. ती खाली आणायला एक स्क्रू-ड्रायव्हर आणि अर्धा तास पुरतो.