फणस पहिल्यांदा खाणाऱ्याला काय वाटलं? १५६३ मध्ये गोव्यात हे छापणारे गार्सिया द ओर्ता कोण होते?

मे महिन्यात दापोली तालुक्यातल्या मुरुडला गेलात, तर समुद्राच्या आधी पिकलेल्या फणसाचा वास येतो. कोकणात वाढलेल्यांसाठी हा वास म्हणजे सुट्टी. पहिल्यांदाच आलेल्या पाहुण्याचा हात मात्र नाकाकडे जातो. त्यात फणस बरका निघाला, तर तो बुळबुळीत गरा गिळायचा कसा, हा वेगळाच प्रश्न.

परक्या माणसाने फणस पहिल्यांदा चाखला आणि त्याला काय वाटलं, याची एक जुनी छापील नोंद गोव्यातली आहे. ती करणाऱ्या डॉक्टरचं नाव गार्सिया द ओर्ता. हिंग, डुरियन, आंबा, मोडशी अशा कितीतरी गोष्टींबद्दल त्यांनी लिहिलं. स्वतःबद्दलची एक गोष्ट मात्र त्यांनी आयुष्यभर लपवली.

गोव्यात कसे आले?

ओर्ता यांचा जन्म १५०० च्या सुमारास पोर्तुगालमधल्या कास्तेलो द व्हिदे या गावी झाला. आईवडील ज्यू होते. १४९२ मध्ये स्पेनने ज्यूंना देशाबाहेर काढलं, तेव्हा हे कुटुंब पोर्तुगालमध्ये आलं. पाच वर्षांनी तिथेही सक्तीचं धर्मांतर झालं. अशा कुटुंबांना नवे ख्रिश्चन म्हणत आणि त्यांच्यावर कायम संशय असे.

ओर्ता स्पेनमध्ये सालामांका आणि अल्काला इथे शिकले, नंतर लिस्बनच्या विद्यापीठात शिकवू लागले. १५३४ मध्ये मार्तिम अफोन्सो द सोझा यांच्या ताफ्याबरोबर ते भारतात आले आणि पुन्हा कधीच परत गेले नाहीत. गोव्यात त्यांनी डॉक्टरकी केली. अहमदनगरच्या (आताचं अहिल्यानगर) बुऱ्हाण निजामशाहावरही ते उपचार करत.

पोर्तुगीजांनी त्यांना मुंबई बेट भाडेपट्ट्याने दिलं होतं. तिथल्या आंब्यांचं त्यांना फार कौतुक. त्यांच्या पुस्तकात एक प्रसंग आहे. मुंबईतलं कूळ गव्हर्नरला भेट देण्यासाठी आंब्यांची करंडी घेऊन होडीने गोव्यात येतं. मुंबई-गोवा हा समुद्रमार्ग हर्णै-मुरुडच्या किनाऱ्यासमोरूनच जातो.

पुस्तकात फणसाबद्दल काय आहे?

गोव्यात छापखाना आला १५५६ मध्ये. सात वर्षांनी, १० एप्रिल १५६३ ला ओर्तांचं पुस्तक तिथे छापून झालं. विषय होता भारतातल्या वनस्पती आणि औषधी द्रव्यं. लिहिलं पोर्तुगीजमध्ये, तेही संवादांच्या रूपात. एक पात्र स्वतः ओर्ता, दुसरं रुआनो नावाचा युरोपातून नुकताच आलेला डॉक्टर. रुआनो काल्पनिक आहे. नवख्या माणसाला पडणारे प्रश्न विचारणं हे त्याचं काम.

फणसाच्या संवादात रुआनो एवढं मोठं फळ बघून चकित होतो. ओर्ता त्याला सांगतात की मघाशी चेस्टनटसारख्या लागलेल्या भाजलेल्या बिया याच फळातल्या. म्हणजे आपल्या आठळ्या! मग त्याला गरे दिले जातात. रुआनोचं मत पडतं की चव खरबुजासारखी आहे, पण उत्तम खरबुजाची सर नाही. ओर्ताही फणसाची बाजू घेत नाहीत. गरे चिकट, पचायला जड, आपण फारसे खात नाही, असं सांगून ते मोकळे होतात.

आवडलं नाही म्हणून त्यांनी बघायचं मात्र सोडलं नाही. फळ फांद्यांऐवजी थेट खोडाला लागतं, हे त्यांनी नोंदवलं. नावंही लिहून ठेवली. मलबारात जाका, गोव्याकडच्या भाषेत आणि गुजरातीत पणस. त्या जाकावरूनच पुढे इंग्रजीतलं जॅकफ्रूट आलं.

हिंग आणि डुरियनचं काय?

भारतभर औषधात आणि स्वयंपाकात सगळ्यात जास्त वापर हिंगाचा होतो, असं ओर्ता लिहितात. सोबत विजयनगरचा किस्साही देतात. एका पोर्तुगिजाचा महागडा घोडा पोटात वायू धरायचा, म्हणून राजा तो घेईना. मालकाने पिठातून हिंग चारला, घोडा बरा झाला आणि राजाने तो विकत घेतला. औषध कोणतं, हे कळल्यावर राजा म्हणाला की यात नवल काय, तू त्याला देवांचं अन्न दिलंस. पोर्तुगीज आपल्या भाषेत हळूच पुटपुटला की हे तर सैतानांचं अन्न. वास एकच, पण नाकं दोन.

डुरियन हे मलाया-इंडोनेशियाकडचं काटेरी, उग्र वासाचं फळ. दिसायला फणसासारखं, पण फणस वड-उंबराच्या कुळातला, तर डुरियन भेंडी-जास्वंदीच्या. ओर्तांच्या पुस्तकात त्यावरही संवाद आहे. गोव्यातल्या एका गृहस्थाने त्यांना सांगितलं, की प्राचीन रोमन लेखक प्लिनीच्या इटालियन भाषांतरात डुरियनचा उल्लेख वाचला आहे. ओर्तांनी तो उतारा शोधून द्यायला सांगितलं, म्हणजे मूळ लॅटिनशी ताडून बघता येईल. गृहस्थाला तो काही सापडला नाही, हेही त्यांनी छापून टाकलं. आजच्या भाषेत हे फॅक्ट चेक!

नाकाला नको, जिभेला हवं, असं का होतं?

डुरियन आणि हिंग, दोन्हींच्या वासामागे गंधकाची संयुगं असतात. पिकलेल्या फणसाचा गोडसर, जड वास मुख्यतः एस्टर या गटातल्या रसायनांचा असतो. वास नाकात दोन वाटांनी पोहोचतो: बाहेरून नाकपुड्यांतून आणि खाताना घशाच्या मागून. दुसऱ्या वाटेने आलेला वास मेंदू चवीबरोबर जोडतो, त्यामुळे तोच वास तोंडात गेल्यावर वेगळा वाटू शकतो.

ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस यांचं १८५० च्या दशकात असंच झालं. मलाक्कात डुरियनच्या वासानेच ते मागे फिरले होते. नंतर बोर्निओत जमिनीवर पडलेलं पिकलेलं फळ त्यांनी उघड्यावर खाल्लं आणि ते कायमचे डुरियनप्रेमी झाले.

मग ओर्तांचं महत्त्व कशात?

तेव्हा युरोपातलं वैद्यक गेलन वगैरे ग्रीकांच्या ग्रंथांवर चालायचं. ग्रंथात एक आणि डोळ्यांना दुसरं दिसलं, तर ग्रंथ खरा. ओर्तांनी हे उलटं केलं. स्पेनमध्ये असतो तर ग्रीकांविरुद्ध बोलायची हिंमत झाली नसती, अशी कबुलीही पुस्तकात आहे. मोडशीचं, म्हणजे कॉलऱ्याचं, त्यांनी केलेलं वर्णन युरोपीय डॉक्टरांच्या सुरुवातीच्या वर्णनांपैकी आहे. आजाराचं नाव त्यांनी इथल्याच लोकांच्या तोंडून घेतलं. १५६७ मध्ये क्लुसियस यांनी या पुस्तकाचा लॅटिन संक्षेप अँटवर्पला छापला आणि ते युरोपभर पोहोचलं.

लपवलेली गोष्ट कोणती?

१५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, सुरू झालं. ओर्ता १५६८ मध्ये वारले, तोवर त्यांना कोणी हात लावला नाही. पण लगेच नातेवाइकांची धरपकड झाली. बहीण कातारिना हिला १५६९ मध्ये जाळून मारण्यात आलं. ओर्ताही गुपचूप ज्यू धर्म पाळत होते, असं चौकशीत पुढे आलं. ४ डिसेंबर १५८० रोजी, मृत्यूनंतर १२ वर्षांनी, त्यांच्या अस्थी उकरून जाळण्यात आल्या.

फणस आवडत नाही, ग्रीक चुकले, हे सगळं त्यांना छापता आलं. आपण कोण आहोत, हे मात्र लिहिता आलं नाही.

आज पणजीतल्या चर्चजवळच्या सार्वजनिक बागेला त्यांचं नाव आहे. आणि त्यांनी लिहून घेतलेला पणस हा शब्द कोकणीत अजूनही रोजच्या बोलण्यात आहे.