हातिमताईचा मुलगा आणि शिकारी कुत्र्याचा मसला

हातिमताईचं नाव आपल्या घरांत लहान पोरांनाही माहीत असतं. कुणी हात सोडून खर्च करू लागला की आपण त्याला लगेच हातिमताई म्हणतो. पण याच हातिमचा मुलगा मोठा सहाबी होता आणि शिकारीचे आज फिकहच्या किताबांत असलेले कितीतरी नियम त्याच्या प्रश्नांमुळे आपल्यापर्यंत पोहोचले, हे फार जणांना ठाऊक नसतं. हजरत अदी बिन हातिम (रजि.) हे त्यांचं नाव.

उत्तर अरबस्तानात, आजच्या सौदीतल्या हाईल भागात अजा आणि सलमा हे डोंगर आहेत. तिथे तय कबिल्याची वस्ती होती. हातिमनंतर सरदारकी अदींकडे आली. ते ख्रिस्ती होते. लुटीतला चौथा हिस्सा सरदाराचा, हा त्या काळचा रिवाज आणि तो हिस्सा ते घेत. हिजरी ९ मध्ये मुसलमानांचं पथक तयच्या मुलखात आलं तेव्हा अदी बायकामुलांना घेऊन शामकडे निघून गेले. बहीण सफ्फाना मागे राहिली आणि कैद होऊन मदिन्याला आली. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तिला इज्जतीने सोडलं, कपडे आणि प्रवासखर्च दिला. ती थेट भावाकडे गेली. आपल्याला टाकून गेल्याबद्दल तिने त्याला चांगलंच सुनावलं आणि मग मदिन्याला जाण्याचा सल्ला दिला.

अदी मदिन्यात आले ते मनात शंका घेऊनच. हा माणूस बादशहा आहे की नबी, हे त्यांना पाहायचं होतं. घराकडे जाताना वाटेत एका म्हातारीने प्रेषितांना (स.) थांबवलं आणि ते तिच्यासाठी बराच वेळ उभे राहिले. घरात खजुराच्या सालीने भरलेली एकच गादी होती. ती पाहुण्याला दिली आणि स्वतः जमिनीवर बसले. बोलण्यात लुटीच्या चौथ्या हिश्श्याचा विषय निघाला. तो अदींच्या स्वतःच्या धर्मातही जायज नव्हता, हे प्रेषितांनी (स.) त्यांना दाखवून दिलं. अदींनी इस्लाम कबूल केला.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. तयचे लोक कुत्रे आणि बाण घेऊन शिकार करणारे होते. शिकार कशी करावी हे अदींना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यांचा सवाल वेगळा होता. मिळवलेल्या शिकारीतलं हलाल काय आणि हराम काय? सूरह माइदाची चौथी आयत शिकारी जनावरांबद्दल आहे आणि काही रिवायतींनुसार ती अदी आणि त्यांच्याच कबिल्याचे जैद अल-खैर (रजि.) यांच्या विचारण्यावरून उतरली. बुखारी आणि मुस्लिममध्ये अदींचे हे सवाल-जवाब आले आहेत. त्यांचा सारांश असा:

कुत्रा शिकवलेला हवा. सोडला की जाणारा, हाक मारली की थांबणारा आणि पकडलेलं मालकासाठी धरून ठेवणारा. हनफी किताबांत इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद यांचं मत दिलं आहे, की तीन वेळा शिकार पकडून त्याने ती खाल्ली नाही, तर तो शिकलेला समजावा.

कुत्रा सोडताना अल्लाहचं नाव घ्यायचं. शिकार जिवंत हाती आली तर जबह करायची. मेलेली मिळाली आणि कुत्र्याने तिच्यातलं काही खाल्लं नसेल तर चालते. खाल्लं असेल तर सोडून द्यायची, कारण मग त्याने ती स्वतःसाठी पकडली असण्याची भीती असते.

आपल्या कुत्र्याबरोबर दुसरा अनोळखी कुत्रा दिसला आणि शिकार मेलेली मिळाली, तर ती घ्यायची नाही. आपण बिस्मिल्लाह म्हटलं ते आपल्या कुत्र्यावर. दुसऱ्याचं काय?

फेकून मारायच्या काठीचं टोक आत घुसलं तर शिकार हलाल. आडवा मार बसून मेली तर ती मुरदार. म्हणजे बघा, गलोलीच्या गोटीने मेलेलं पाखरूही बहुतेक उलमांच्या मते खाता येत नाही. जिवंत सापडलं आणि जबह केलं तरच चालतं.

बाण लागलेली शिकार पाण्यात पडून मेली तर सोडायची, कारण ती बाणाने मेली की बुडून, हे कळत नाही. एक-दोन दिवसांनी सापडली आणि अंगावर आपल्याच बाणाची खूण असली, तर मात्र खाता येते.

या सगळ्या नियमांत एक धागा आहे. शिकार कुणासाठी पकडली हे साफ हवं, आणि शंका आली तर हात मागे घ्यायचा. भूक लागलेली असताना, समोर ताजं पाखरू पडलेलं असताना हात मागे घेणं सोपं नाही. अदींनी हे विचारलं नसतं तर कुणी त्यांना हटकलंही नसतं. तरी त्यांनी विचारलं.

विचारताना त्यांना लाज वाटत नसे. रोजाच्या आयतीत पांढऱ्या आणि काळ्या धाग्याचा उल्लेख आला, तर त्यांनी खरेच दोन धागे उशाखाली ठेवले आणि रात्रभर पाहत राहिले. सकाळी जाऊन सांगितलं. प्रेषितांनी (स.) हसत समजावलं, की याचा अर्थ रात्रीचा अंधार आणि पहाटेचा उजेड.

प्रेषितांनी (स.) त्यांना तय आणि बनू असद यांची जकात गोळा करायला नेमलं. ज्या माणसाने कधी लुटीचा चौथा हिस्सा घेतला, त्याच्या हातात आता गरिबांचा माल होता. प्रेषितांच्या (स.) वफातीनंतर कितीतरी कबिल्यांनी जकात रोखली. अदी तयची जकात घेऊन हजरत अबू बक्र (रजि.) यांच्यापुढे हजर झाले. तयचे काही लोक बंडखोर तुलैहाला जाऊन मिळाले होते. हजरत खालिद (रजि.) फौज घेऊन आले तेव्हा अदींनी तीन दिवसांची मुदत मागितली आणि आपल्या लोकांना समजावून परत आणलं. रक्त सांडलं नाही. पुढे हजरत उमर (रजि.) यांनी या वफादारीची आठवण ठेवून त्यांचा मान राखला.

इराकच्या मोहिमांत ते होते. किसराचा खजिना उघडताना त्यांनी स्वतः पाहिला. मग ते कूफ्यात राहिले आणि हजरत अली (रजि.) यांच्या बाजूने लढले. जमलच्या लढाईत त्यांचा एक डोळा गेला. हिजरी ६८ च्या आसपास, म्हणजे इ.स. ६८७ च्या सुमारास, खूप म्हातारे होऊन ते वारले. त्यांच्याबद्दल एक रिवायत अशी आहे, की ते मुंग्यांसाठी भाकरी कुस्करून टाकत, कारण मुंग्या शेजारी आहेत आणि शेजाऱ्याचा हक्क असतो.

आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे. त्यामुळे तीतर-लाव्यामागे कुत्रा सोडायचा प्रश्न आपल्यापुढे येत नाही, येऊही नये. पण मशिदीचा चंदा, जकात, मदरशाचा फंड, भावकीतली वाटणी, दुकानातला गल्ला, हे रोज आपल्या हातांतून जातं. ते कुणासाठी आहे हे आपल्याला साफ माहीत असायला हवं. जिथे शंका येते तिथे हजरत अदींसारखं (रजि.) आधी विचारावं. आणि घरातली मुलं हलाल-हरामचे सवाल विचारू लागली, तर त्यांना गप्प करू नये.