बेड्यांची लाज न वाटणारी
वाचन: 2 तीमथ्य 1:16-18

अनेसिफराला कैदेतल्या पौलाच्या बेड्यांची लाज वाटली नाही. आज अशाच एका बहिणीची आठवण.

ॲन जडसन 1813 मध्ये पती अदोनिराम यांच्यासोबत अमेरिकेहून सुवार्तेसाठी ब्रह्मदेशात आल्या. 1824 मध्ये इंग्रजांशी युद्ध पेटलं आणि हेर समजून अदोनिराम यांना राजधानी आवा इथं तुरुंगात टाकलं. तिसऱ्या दिवशी ॲनना भेट मिळाली. बेड्यांमुळे ते दारापर्यंत सरपटत आले. थोडं बोलणं होतं न होतं, तोच पहारेकऱ्यांनी ॲनना हाकललं.

पण त्या येतच राहिल्या. पोटात बाळ असताना, आणि पुढं तान्ह्या मारियाला घेऊनसुद्धा. अदोनिराम यांनी केलेल्या बर्मी नव्या कराराचं हस्तलिखित त्यांनी एका उशीत शिवून आत पोहोचवलं. उशी इतकी टणक की कुणाला ती घ्यावीशीच वाटू नये! पुढं ती फेकली गेली, तर मौंग इंग नावाच्या विश्वासी भावानं आठवण म्हणून उचलून ठेवली. हस्तलिखित वाचलं.

अदोनिराम सुटले, 1826 मध्ये ॲन प्रभूकडे गेल्या. 1834 मध्ये संपूर्ण बर्मी बायबलचं भाषांतर पूर्ण झालं.

ॲनना बेड्या तोडता आल्या नाहीत, पण जाणं त्यांनी सोडलं नाही. "जाऊन बोलणार काय?" म्हणून आपण कुणाला टाळतोय का? आज त्याला भेटूया.

प्रार्थना: प्रभू, संकोच काढून टाक आणि मला त्याच्या दारापर्यंत ने. आमेन.