पंतोजी नोहा वेब्स्टर

इंग्रजी कोश म्हटला कीं वेब्स्टर हें नांव आठवतें. परंतु हा गृहस्थ मुळांत एक शाळामास्तर होता, हें पुष्कळांस ठाऊक नसतें.

नोहा वेब्स्टर याचा जन्म १६ ऑक्टोबर १७५८ रोजीं अमेरिकेंतील कनेटिकट प्रांतांत झाला. बाप शेतकरी. मुलाला येल कॉलेजांत घालण्याकरितां त्यानें जमीन गहाण टाकिली. १७७८ सालीं पदवी मिळाली. पुढें वकिलीचा जम बसेना, म्हणून नोहा शिक्षक झाला.

त्या वेळीं शाळांतून डिलवर्थ नांवाच्या इंग्रज शिक्षकाचें पुस्तक चाले. त्यांत शब्दांचे अवयव उच्चाराकडे न पाहतां पाडलेले असत. ‘हॅबिट’ शब्दांतील ‘ब’ पुढच्या अवयवांत ढकलला, कीं मूल पहिला स्वर लांबवून ‘हेबिट’ म्हणणार. ‘क्लस्टर’चें ‘क्लूस्टर’ होणार. ‘नेशन’चे तर तीन अवयव करीत, आणि जिभेला मात्र दोनच सांपडत! जीभ जेथें तोडते तेथेंच शब्द तोडावा, या नियमानें वेब्स्टरनें १७८३ सालीं आपलें पुस्तक काढिलें. ‘शन’ हा शेवट त्यानें एकच अवयव मानला. लांब शब्दांच्या याद्या अवयवांची संख्या व आघाताचें स्थान पाहून लाविलेल्या असत. एका शब्दाची चाल बसली कीं बाकीचे आपोआप येत. (‘फोटोग्राफ’मध्यें आघात पहिल्या अवयवावर, तर ‘फोटॉग्रफी’मध्यें दुसऱ्यावर, हें ध्यानांत न आल्यानें आमचीं हुशार मुलेंहि वाचतांना अडखळतात.)

पुढें निळ्या पुठ्ठ्याचें पुस्तक म्हणून प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाच्या कोट्यवधि प्रती खपल्या. त्याच्या अल्प प्राप्तीवर संसार चालवून वेब्स्टरनें वीसांहून अधिक वर्षें कोशासाठीं वेंचिलीं. १८२८ सालीं ७०,००० शब्दांचा तो कोश निघाला, तेव्हां त्याचें वय ७० होतें.

शब्दांचीं मुळें शोधण्यांत मात्र तो फसला. संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांचें नातें सर विल्यम जोन्स यांनीं कलकत्त्यास १७८६ सालींच दाखविलें होतें, आणि जर्मन पंडित त्यावरून ध्वनिबदलाचे नियम बसवीत होते. वेब्स्टर आपल्याच तर्कानें खाल्डी भाषेकडे वळत राहिला. इतका तीक्ष्ण कान लाभलेल्या माणसानें तेथें कान बंद ठेवावे, याचें वाईट वाटतें.

२८ मे १८४३ रोजीं न्यू हेवन येथें तो वारला. कोशाचे हक्क मेरियम बंधूंनीं घेतले, आणि १८६४ च्या आवृत्तीसाठीं मान या जर्मन पंडिताकडून व्युत्पत्त्या नव्यानें लिहवून घेतल्या.